ध्वनिमुद्रण आणि घरची गोधडी

गतवर्षीं एका आंतरशालेय काव्यगायनस्पर्धेच्या चालकांनीं स्पर्धकांस समक्ष न बोलावितां, प्रत्येकानें आपल्या गायनाचें ध्वनिमुद्रण करून पाठवावें, असें कळविलें. आमच्या शाळेतर्फें नववीच्या वर्गांतील एका मुलीचें नांव निश्चित झालें होतें. तिचा आवाज कसा आहे हें सकाळच्या प्रार्थनेस उभे राहणारे सर्वजण जाणतात. त्याचें वर्णन येथें नको. तिचे वडील आम्हांस भेटावयास आले व म्हणाले, "सर, ह्यासाठीं काय काय लागेल तें एका कागदावर लिहून द्या." आम्हीं दुकानाचें मूल्यपत्रक समोर ठेवून मोठ्या उत्साहानें यादी लिहून दिली: मायक्रोफोन, त्याचा उभा दांडा, त्यापुढें लावावयाची जाळी, तो अधांतरीं टांगावयाची लवचीक चौकट, आणि भिंतीस चिकटवावयाचे स्पंजाचे चौकोन. त्यांनीं तो कागद वाचला, त्याच्या चार घड्या करून तो खिशांत ठेवला, आम्हांस नमस्कार केला. आणि दुसऱ्या दिवशीं मुलीनें आपलें नांव मागें घेतलें. कारण विचारतां, "घरीं पाहुणे येणार आहेत," एवढेंच ती म्हणाली.

ती यादी आमची चूक होती. तींतील वस्तु निरुपयोगी होत्या असें नव्हे. परंतु ज्या खिशांत तो कागद गेला त्याच खिशांत एक मोबाईल होता, व त्याच्या खालच्या कडेच्या बारीक छिद्रामागें असलेला मायक्रोफोन ह्या कामास पुरेसा होता, हें आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं. बाकीच्या चार वस्तु तर त्यांच्याच घरांत वेगळ्या रूपानें पडलेल्या होत्या. त्यानंतर वर्षभर आम्हीं कांहीं मुलांमुलींस बरोबर घेऊन ह्या गोष्टी करून पाहिल्या. त्या अनुभवावरून आमचें ठाम मत झालें आहे कीं, आवाजाच्या मुद्रणासाठीं लागणारीं हीं उपसाधनें शाळेनें पालकांस विकत आणावयास सांगूं नयेत. तीं मुलांच्या हातून व्हावींत, आणि ज्यांस पाहिजेत त्यांस शाळेंतून उसनीं मिळावींत.

ध्वनिमुद्रणास सुसज्ज दालन पाहिजे ही समजूतच मुळीं अलीकडची आहे. इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग ह्यानें कलकत्त्यास गौहरजान हिचें गायन मुद्रित केलें. जागा होती हॉटेलांतील खोली. त्या काळीं ह्या कामांत विजेचा उपयोग नव्हता. गायकानें एका कर्ण्याच्या तोंडांत गावें, त्या आवाजानें कर्ण्याच्या शेवटचा पडदा हालावा आणि त्या पडद्याच्या सुईनें मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावी, एवढाच तो खटाटोप. उंच स्वर आला कीं गायकानें मागें सरावें व हळू स्वरास पुढें यावें. ह्यापलीकडे आवाज आंवरण्याचें साधन नव्हतें. विजेवर चालणारें मुद्रण १९२५ च्या सुमारास सुरू झालें. तत्पूर्वीं, सर जॉर्ज ग्रिअर्सन ह्यांनीं चालविलेल्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या निमित्तानें, १९१३ पासून ह्या देशांतील नाना बोलींच्या तबकड्या तयार होऊं लागल्या होत्या. आमच्या वाचकांस हें ऐकून कौतुक वाटेल कीं, त्या पाहणींत प्रत्येक बोलीचा नमुना म्हणून जो मजकूर घेतला जाई तो शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राचा दृष्टांत होता. तेव्हां कर्ण्यापुढें उभें राहून कोणीं कोणीं आपल्या बोलींत ती बापलेकांची कथा सांगितली असेल! त्या माणसांपुढेंहि भिंतीला स्पंजाचे चौकोन नव्हते.

आतां मूळ अडचण कोणती तें पाहूं. मायक्रोफोनांत एक अत्यंत पातळ पडदा असतो. हवेच्या कंपनानें तो हालतो व त्या हालण्याचें विजेंत रूपांतर होतें. परंतु त्या पडद्यास ध्वनि कोणता व फुंकर कोणती हा विवेक नसतो. तोंडांतून निघालेला हवेचा झोत त्यावर आदळला कीं तो भलताच हालतो, आणि ऐकतांना कोणी ढोलकीवर थाप मारावी तसा 'धप्' असा आवाज गाण्याच्या मध्येंच येतो. हा झोत कोणत्या अक्षरांना येतो हें शोधावयास परदेशी ग्रंथ नको. पहिल्या इयत्तेंत जी वर्णमाला आपण घोकली तींतच तें लिहिलेलें आहे. ओठ मिटून एकदम उघडावयाचे तो प-वर्ग; त्यांतहि जीं महाप्राण अक्षरें, तीं अधिक जोराचीं. तळहात तोंडापुढें धरून 'बस' म्हणा आणि मग 'भाकर' म्हणा. 'पान' म्हणा आणि मग 'फूल' म्हणा. आमच्या पूर्वजांनीं ह्या वर्णांना 'महाप्राण' हें नांव उगाच दिलें नाहीं, हें त्या तळहातास कळतें. ह्याच वर्गांतील 'म' मात्र निरुपद्रवी आहे, कारण ओठ मिटलेले असतां त्याचा श्वास नाकावाटे जातो. इंग्रजी शब्दांच्या आरंभींचा 'प' हा खरें पाहतां आपल्या 'फ' च्या जवळचा असल्यामुळें इंग्रजी कविता म्हणतांना हा त्रास अधिक होतो. (येथें एक तक्रार नोंदवून ठेवतों: हल्लीं पुष्कळ मुलें 'फळ' ह्या शब्दांतला 'फ' ओठास दांत लावून म्हणतात. तो मग 'फ' राहत नाहीं; वाऱ्याची फटींतून येणारी शीळ होते. मायक्रोफोनास तो कमी खुपतो खरा, पण भाषेस अधिक खुपतो.)

आमच्या गायनवृंदाच्या वाट्यास तर हा वर्ग विशेष आलेला आहे. पिता, पुत्र, पवित्र, प्रभु, पाप, भाकर, भजन! रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचीं पदें आपण नेहमीं गातों. तीं पहिल्यानें मुद्रित केलीं तेव्हां आम्हांस प्रत्येक 'प्रभु' शब्दावर थाप ऐकूं आली.

ह्यावर बाजारांत जी जाळी मिळते तिला 'पॉप फिल्टर' म्हणतात. आमच्या मुलांनीं तिचें 'फुंकगाळणी' असें बारसें केलें, आणि तें नांव आम्हांस अधिक आवडतें. ती करण्याची रीति अशी. भरतकामाची लाकडी रिंग घ्यावी. घरांत नसल्यास ही एकच वस्तु विकत आणावी लागते, व आमच्या पहिल्या गाळणीचा सगळा खर्च ह्या रिंगेचे चाळीस रुपये एवढाच झाला. तींत टाकून दिलेल्या पातळ नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा ताणून बसवावा. एका पदरापेक्षां दोन पदर बरे. आणि ते एकमेकांस चिकटलेले नसून त्यांमध्यें बोटभर अंतर असेल, म्हणजे दोन रिंगा एकापुढें एक बांधल्या असतील, तर फारच उत्तम. कपडे टांगण्याच्या हँगरची तार सरळ करून तिच्या टोंकास ही रिंग बांधावी. हवेचा झोत त्या बारीक छिद्रांतून जातांना मोडतो, त्याच्या लहान लहान भोंवऱ्या होऊन त्या तेथल्या तेथें विरून जातात. ध्वनीची लाट मात्र हवेंतल्या हवेंत पुढें सरकत असल्यामुळें ती जाळींतून सहज पार होते. गर्दींत धांवत सुटलेला मनुष्य अडतो, पण हातोहात दिलेला निरोप पलीकडे पोंचतो, तसेंच हें आहे.

कापड योग्य आहे कीं नाहीं हें ठरविण्याच्या दोन परीक्षा आहेत व दोन्ही पाहिजेत. गाळणीपलीकडे मेणबत्ती लावून (हें घरांतील वडील मनुष्य जवळ असतांनाच करावें) अलीकडून 'फू, भू, पू' म्हणावें. ज्योत शांत राहिली पाहिजे. मग तीच गाळणी डोळ्यांपुढें धरून पुस्तक वाचून पाहावें. अक्षरें दिसलीं पाहिजेत. एका मुलानें पहिल्या परीक्षेच्या भरांत जाड टॉवेलाची गाळणी केली. ज्योत तसूभरहि हालली नाहीं. पण त्याचा आवाज खोक्यांतून आल्यासारखा मंद झाला, कारण जाड कापडांत स, श, त ह्यांच्या बारीक ध्वनिलहरीहि मुरून जातात. तोंडापासून गाळणी चार बोटें आणि गाळणीपासून मायक्रोफोन पांच-सहा बोटें, मिळून सुमारें एक वीत, हें अंतर बहुतेकांस मानवतें. वीत हें माप आम्हीं मुद्दाम सांगतों. फूटपट्टी हरवते, हात हरवत नाहीं.

आणि गाळणी करावयाचीच नसेल तर? मायक्रोफोन अगदीं तोंडासमोर न धरतां गालाच्या रोखानें, थोडा बाजूस ठेवावा. झोत सरळ जातो. ध्वनि चोहोंकडे पसरतो. ह्या एका युक्तीनें अर्धें काम होतें, व तिला एक पैसाहि पडत नाहीं. जुन्या ध्वनिमुद्रकांची आणखी एक युक्ति म्हणजे मायक्रोफोनाच्या तोंडासमोर मध्यभागीं एक पेन्सिल रबरानें उभी बांधणें. नदीच्या पात्रांतील खडकानें पाणी दुभंगावें तसा श्वास तिच्यावर दुभंगतो. पेन्सिल बांधून यशस्वी झालेल्या एका विद्यार्थ्यानें, "सर, मग दुकानांत जाळी विकतात कशाला?" असें विचारलें. त्यास आम्हीं उत्तर दिलें नाहीं. हा लेख म्हणजे तें उत्तर समजण्यास हरकत नाहीं.

आतां गोधडी. फुंकर हा दोष ज्याच्या त्याच्या कानास लगेच कळतो. खोलीचा दोष कळत नाहीं, आणि म्हणूनच त्यावर लोक फार पैसे घालवितात. आपण खोलींत बोलतों तेव्हां आपला आवाज मायक्रोफोनाकडे दोन वाटांनीं जातो. एक सरळ, दुसरी भिंत, फरशी, छत, कपाटाची कांच ह्यांवर आपटून, वळसा घेऊन. दुसऱ्या वाटेनें आलेला आवाज किंचित् उशिरां येतो व पहिल्याच्या अंगावर चढतो. समोर बसून ऐकणाऱ्या माणसाचा मेंदु ह्यांतून पुष्कळसें निवडून टाकतो. मायक्रोफोन कांहीं निवडीत नाहीं. म्हणून घरीं गोड वाटलेलें गाणें मुद्रित झाल्यावर हंड्यांत तोंड घालून गाइल्यासारखें ऐकूं येतें. रिकाम्या खोलींत एक टाळी वाजवावी; मागून झणझण असा शेपटा ऐकूं आला तर ती खोली गायनास प्रतिकूल समजावी.

हा शेपटा कापावयास मऊ व जाड वस्तु पाहिजे, कारण हवेचें कंपन तिच्या धाग्यांत शिरून घासतें व संपतें. आजीनें जुन्या लुगड्यांचे थरावर थर घालून, टांके घालून शिवलेली गोधडी ही ह्या कामासाठींच जणूं जन्मास आली आहे. परंतु ती लावावी कोठें? आम्हीं प्रथम ती मायक्रोफोनाच्या मागच्या भिंतीस लावली, कारण गाणारा तिकडे तोंड करून गातो. फरक थोडा पडला. नंतर एका आठवींतल्या मुलीनें सुचविल्याप्रमाणें ती गाणाऱ्याच्या पाठीमागें टांगली, आणि ऐकणारे सारे एकमेकांकडे पाहूं लागले. पुष्कळसे मायक्रोफोन ज्या दिशेकडे रोख असेल तिकडचें अधिक ऐकतात; तो रोख गाणाऱ्याकडे, म्हणजेच त्याच्या पाठीमागच्या भिंतीकडेहि असतो, हें आमच्या ध्यानांत यावयास पाहिजे होतें. खोलीच्या कोपऱ्यांत कपडे वाळत घालण्याची दोरी आडवी बांधावी, तीवर दोन गोधड्या काटकोनांत टांगाव्यात, आणि गाणाऱ्यानें त्यांकडे पाठ करून उभें राहावें. तिसरी असल्यास ती पायांखालीं. मोबाईलाचा मायक्रोफोन बहुधा सर्व दिशांकडचें सारखेंच ऐकतो. त्याच्यासाठीं चौथी गोधडी समोर टांगणें फायद्याचें ठरतें.

गोधडी भिंतीस चिकटवून न लावतां चार-सहा बोटें पुढें टांगावी. ह्याचें कारण नववी-दहावीच्या मुलांनीं गणित करूनच पाहावें. हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४५ मीटर. सेकंदास ३,००० कंपनें असलेल्या बारीक ध्वनीची लाट साडेअकरा सेंटिमीटर लांबीची. १०० कंपनांच्या खर्ज ध्वनीची जवळजवळ साडेतीन मीटर. भिंतीपाशीं हवा जवळजवळ स्थिर असते. ती सर्वांत अधिक हालते लाटेच्या एक-चतुर्थांश अंतरावर. म्हणजे बारीक ध्वनीसाठीं भिंतीपासून तीन सेंटिमीटर पुरे. खर्जासाठीं ८५ सेंटिमीटरांहून अधिक पाहिजेत. गोधडी बारीक ध्वनि खाते व खर्ज ध्वनीस बहुतांशीं तसाच सोडते, तें ह्यामुळें. मुलामुलींच्या कोवळ्या आवाजास ती उत्तम. आमच्या संगीतशिक्षकांच्या खर्जापुढें मात्र पांच गोधड्याहि शरण गेल्या, व त्यांचें मुद्रण शेवटीं लहान खोली सोडून मोठ्या सभागृहाच्या मध्यभागीं करावें लागलें.

अंड्यांच्या पुठ्ठ्यांविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण दोन पालकांनीं आम्हांस ते मोठ्या प्रेमानें पोतेंभर आणून दिले. भिंतींना हे पुठ्ठे लावले कीं ध्वनिमुद्रणाचें दालन तयार झालें, असा समज सर्वत्र आहे. तो खोटा आहे. पुठ्ठा पातळ व हलका. त्याच्या खड्ड्यांनीं बारीक ध्वनि थोडासा विखुरतो, शोषला जातो तो फार थोडा, आणि खर्ज ध्वनीस तर पुठ्ठा आहे हेंहि कळत नाहीं. शिवाय तो चटकन पेट घेतो. घराच्या भिंती कागदाच्या लगद्यानें मढविणें हें धोक्याचें आहे. ते पुठ्ठे आम्हीं रोपें लावण्याकरितां शाळेच्या बागेंत दिले.

दुसरा गैरसमज असा कीं, गोधड्या टांगल्या म्हणजे बाहेरचा गोंगाट बंद होईल. होत नाहीं. खोलींतला प्रतिध्वनि मारणें वेगळें, आणि बाहेरचा ध्वनि अडविणें वेगळें. दुसऱ्या कामास जड भिंत व फटी नसलेलें दार लागतें, आणि तें कोणी घरीं शिवूं शकत नाहीं. ह्यावर एकच घरगुती उपाय आहे, तो म्हणजे घड्याळ. आम्हीं प्रत्येक मुलास आठ दिवस एक 'गोंगाटाची वही' ठेवावयास सांगितलें. कोणत्या वेळीं कुकरची शिटी, कोणत्या वेळीं पाण्याचा पंप, देवळाची घंटा, मशिदीची बांग, आपल्याच चर्चचा घंटानाद, भाजीवाल्याची आरोळी, रात्रीं रातकिडे. सर्व वेळेसह लिहून काढावयाचें. सात-आठ घरांच्या वह्या पाहिल्या, आणि वीस मिनिटेंहि शांततेचीं नाहींत असें एकहि घर आढळलें नाहीं. तेवढा वेळ पंखा बंद ठेवावा. फ्रिजहि बंद ठेवावा, पण तो पुन्हां चालू करण्याची आठवण राहावी म्हणून आपल्या घराची किल्ली त्यांत ठेवावी. ही सूचना नासलेल्या दोन लिटर दुधाच्या अनुभवानंतर करीत आहों. त्या मातोश्रींची आम्हीं समक्ष क्षमा मागितली आहे.

उभ्या दांड्याविषयीं फारसें सांगावयास नको. रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून त्यांत बांबू रोवला कीं दांडा झाला. त्यास मायक्रोफोन सरळ बांधूं नये. कोणी शेजारच्या खोलींत चाललें तरी त्या पावलांचें कंपन फरशींतून, बांबूंतून वर चढतें. सायकलच्या जुन्या ट्यूबचीं बोटभर रुंदीचीं चार कडीं कापून, चौकोनी लाकडी चौकटींत तीं ताणून, त्यांमध्यें मायक्रोफोन किंवा मोबाईल अधांतरीं बसवावा. बैलगाडीस जसें धक्के खाणारें पोलाद नसतें व मोटारीस असतें, तसा हा भेद आहे. हेंहि जमत नसल्यास घडी केलेला टॉवेल खालीं ठेवला तरी चालेल.

आमच्या ह्या उद्योगावर कांहीं पालकांनीं आक्षेप घेतले, व ते हंसण्यासारखे नव्हते. एका गृहस्थांनीं म्हटलें, "तयार जाळी हल्लीं थोडक्या पैशांत घरपोंच येते, मुलांचा एक शनिवार तिच्यापेक्षां महाग आहे." जाळी स्वस्त आहे हें खरें. परंतु यादींत एक जाळी नसते, पांच वस्तु असतात; आणि पांच थोडक्यांचें मिळून काय होतें हें ज्या घरीं महिन्याच्या वीस तारखेस पगाराची वाट पाहतात तेथें विचारावें. शिवाय ज्यानें जाळी विकत आणली त्याचें मुद्रण बिघडलें म्हणजे तो अधिक महाग जाळी आणतो. ज्यानें ती ताणून बांधली तो विचार करतो कीं, थाप येते ती 'प' ची कीं पावलाची? हा विचार करावयास लागणें ह्यांत त्या शनिवाराची किंमत पूर्ण वसूल झाली असें आम्हांस वाटतें.

दुसरा आक्षेप अधिक खोल होता. आमच्याच एका वयोवृद्ध सहकाऱ्यांचें म्हणणें असें कीं, गाणें हें माणसांपुढें गावयाचें असतें. मुलांस यंत्रापुढें उभें केलें म्हणजे तीं ऐकणाऱ्याचा चेहरा विसरतात. ह्यास आमच्याजवळ पुरें उत्तर नाहीं. प्रार्थनेच्या वेळीं शंभर कंठांतून जो स्वर उठतो तो कोणत्याहि गोधडीमागें मिळणार नाहीं, हें आम्हांसहि मान्य आहे. मात्र एक गोष्ट त्यांस दाखवावीशी वाटते. स्वतःचा मुद्रित आवाज पहिल्यानें ऐकतांना जवळजवळ प्रत्येक मूल दचकतें, आणि "हा माझा नव्हे" असें म्हणतें. बोलतांना आपण आपला आवाज कानाबरोबरच कवटीच्या हाडांतूनहि ऐकत असतों, व हाडें खर्ज भाग चांगला पोंचवितात. म्हणून स्वतःस तो भरदार वाटतो, आणि मुद्रणांत एकाएकीं पातळ भासतो. एक मुलगा त्या पातळ आवाजानें इतका खट्टू झाला कीं, तीन आठवडे आला नाहीं. चौथ्या आठवड्यास येऊन त्यानें तेंच कडवें अकरा वेळां म्हटलें. जगास आपला आवाज कसा ऐकूं येतो हें त्यास त्या दिवशीं प्रथम कळलें, आणि शब्दांचे शेवट गिळण्याची त्याची खोड, जी आम्हांस दोन वर्षें रागावून मोडतां आली नव्हती, ती महिन्याभरांत गेली.

काटकसरीस मर्यादा आहेत व त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. मायक्रोफोन घरीं करूं नये. विजेशीं संबंध असलेली कोणतीहि वस्तु, मग ती तारेचा साधा जोड का असेना, मुलांनीं स्वतः उघडूं नये. दिव्याच्या गोळ्याजवळ कापड टांगूं नये. कपड्यांच्या कपाटांत शिरून, दार लावून मुद्रण करण्याची जी युक्ति मुलें एकमेकांस सांगतात ती आम्हांस मुळींच पसंत नाहीं. कपाटाचें दार उघडें ठेवून, त्यांतल्या कपड्यांकडे पाठ करून बाहेरच उभें राहिलें तरी लाभ तोच होतो. आणि शाळेनें एक चांगला मायक्रोफोन घ्यावा. त्यासाठीं काटकसर नको.

ह्या साधनांचा उपयोग स्पर्धेपुरताच आहे असें आम्हांस वाटत नाहीं. हेमा राईरकर व गी पॉइतव्हाँ ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' ह्या संस्थेच्या द्वारें कोणासहि वाचतां येतात, व त्यांपैकीं कित्येक गाणारणींच्या स्वतःच्या आवाजांत ऐकतां येतात. जातीं गेलीं, त्यांवर गाणाऱ्या एक एक करून जात आहेत. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं किती जणांच्या घरीं अजून ओव्या जाणणारी आजी आहे? तिला कोणत्या दालनांत नेणार? तिच्याच गोधडीपुढें तिला बसवावें, गाळणी लावावी, आणि तिची संमति घेऊन तिला गाऊं द्यावें. आरंभीं तिचें नांव, गांव व दिनांक सांगून ठेवावा. गौहरजान आपल्या गाण्याच्या शेवटीं स्वतःचें नांव उच्चारीत असे, तें परदेशांत तबकडी तयार करणाऱ्यांस ती कोणाची हें कळावें म्हणून. तुमच्या नातवंडांनाहि तीच अडचण पडणार आहे.

नववींतली ती मुलगी आतां दहावींत आहे. ह्या वर्षीं तिनें आपलें नांव दिलें. त्यांची एकच खोली, आणि ती रेल्वेच्या रुळांजवळ. तिच्या वहीप्रमाणें दुपारीं दोन गाड्यांमध्यें चोवीस मिनिटें मिळत. वडिलांच्या मोबाईलावर, दोन गोधड्यांच्या कोपऱ्यांत, तिनें सहाव्या प्रयत्नांत गाणें पुरें केलें. तिला बक्षीस मिळालें नाहीं. परीक्षकांनीं दुसऱ्या कडव्यांतील लय धांवली असा शेरा दिला, आणि तो बरोबर होता. गाडी येण्याची वेळ झाली होती. मुद्रणाविषयीं त्यांनीं कांहींच लिहिलें नव्हतें.

आतां आमची पालकांस विनंति. विज्ञानशाळेशेजारच्या लहान खोलींत सध्यां तीन फुंकगाळण्या, दोन दांडे व एक ट्यूबची चौकट तयार आहे. ज्यांस पाहिजे त्यांनीं वहींत नांव नोंदवून दोन दिवसांकरितां न्यावीं. अनामत रक्कम नाहीं. आणखी तीन संच करावयाचे आहेत. त्यासाठीं जुने नायलॉनचे पायमोजे (धुतलेले), सायकलच्या फाटक्या ट्यूबा, वांकलेले तारेचे हँगर व रंगाचे रिकामे डबे कोणत्याहि शनिवारीं सकाळीं मुलांबरोबर पाठवावेत. गोधड्याहि चार पाहिजेत. त्यांवर घरचें नांव दोऱ्यानें घालून द्यावें. मे महिन्याच्या सुट्टीपूर्वीं त्या धुऊन परत मिळतील.